पर्यावरण जनसुनावणीला जाण्याआधी: सीमाभागातल्या मराठी गावांसाठी कामाची माहिती

गावाजवळ डिस्टिलरी येणार, कारखान्याचं गाळप वाढणार, डोंगराला खाण लागणार, अशी कुणकुण लागली की गावात पहिला प्रश्न असतो, "आता कुणाला भेटायचं?" मग आमदाराकडे खेप होते, ओळखीच्या वकिलाला फोन जातो, एखादा मोर्चा निघतो. तोवर एक सरकारी नोटीस कुठल्या तरी पेपरात छापून गेलेली असते आणि तिची ३० दिवसांची मुदत निम्मी सरलेली असते.

आमच्या भागातल्या एका डिस्टिलरी विस्ताराच्या सुनावणीत मी नोटिशीपासून इतिवृत्तापर्यंत सगळं जवळून पाहिलं. तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड अशा तालुक्यांतून लोक विचारत असतात, म्हणून हे लिहून काढतोय. मी वकील नाही. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर वकील लागेलच. पण कोर्टात वकील ज्या कागदांवर बोलणार, ते कागद आधी गावातच तयार व्हावे लागतात.

१. बैठक कसली आहे ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गावात येणाऱ्या नोटिसा वेगवेगळ्या कायद्यांच्या असतात आणि प्रत्येकीची मुदत वेगळी असते.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली "थ्री ए" नोटीस निघते. तिच्यावर हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडमुळे बेळगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांना ही नोटीस तोंडपाठ झाली आहे. पण ती भूसंपादनाची. तिथे "प्रदूषण होईल" एवढंच लिहिलं तर जमिनीचा मुद्दा हातचा जातो.

ग्रामपंचायतीची ना हरकत ही तिसरीच गोष्ट. पंचायतीने ठराव दिला म्हणजे पर्यावरण मंजुरी मिळाली असं होत नाही, आणि ठराव नाकारला म्हणून प्रकल्प आपोआप थांबतो असंही नाही.

आपल्याला इथे हवी आहे ती पर्यावरण जनसुनावणी. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेनुसार, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या मूल्यांकनाच्या नियमानुसार, ती घ्यावी लागते. त्यात प्रकल्पांचे वर्ग आहेत. "ए" वर्गाची मंजुरी दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाकडून, "बी" वर्गाची बेंगळूरच्या राज्यस्तरीय प्राधिकरणाकडून. "बी" मध्ये पुन्हा दोन भाग: बी-१ ला सविस्तर अहवाल आणि सुनावणी लागते, बी-२ ला सुनावणी नसते. इथेनॉल मिश्रणासाठीच्या काही धान्याधारित डिस्टिलऱ्या २०२१ पासून बी-२ मध्ये टाकल्या आहेत, तेव्हा "डिस्टिलरी आहे म्हणजे सुनावणी होणारच" असं धरून बसू नका.

सीमाभागाला लागू पडणारी एक खास तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. "बी" वर्गातला प्रकल्प दोन राज्यांच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत असेल तर, काही अपवाद सोडता, त्याची तपासणी राज्याऐवजी केंद्राच्या पातळीवर होते. अभयारण्यापासून ५ किलोमीटरलाही हेच लागू. २०१४ च्या आधी हे अंतर १० किलोमीटर होतं. कागवाड, निपाणी, चिकोडीच्या कडेची कितीतरी गावं या पट्ट्यात येतात. नकाशावर हद्दीपासूनचं सरळ रेषेतलं अंतर मोजा. प्रकल्पवाल्यांनी ५.२ किलोमीटर लिहिलं असेल तर मोजमाप कारखान्याच्या गेटापासून केलंय की हद्दीकडच्या कुंपणापासून, ते मुद्दाम तपासा.

२. नोटीस गाठा

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. नोटीस एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवस द्यावे लागतात. आपल्याकडे प्रादेशिक म्हणजे बहुतेकदा कन्नड पेपर. घरात येतो मराठी पेपर. म्हणजे नोटीस नियमाने छापून येते आणि ज्याच्या विहिरीला धोका आहे त्याला पत्ता नसतो.

म्हणून गावात एका माणसावर हे काम सोपवा. कन्नड वाचणारी कॉलेजची पोरं आता प्रत्येक गावात आहेत. त्याने तीन ठिकाणी लक्ष ठेवायचं: ग्रामपंचायतीचा फलक, मंडळाची वेबसाइट आणि केंद्राचं "परिवेश" पोर्टल. "परिवेश"वर प्रकल्पाचा अर्ज सुनावणीच्या बऱ्याच आधी दिसू लागतो. कन्नड नोटिशीत "परिसर सार्वजनिक आलिके" आणि "मालिन्य नियंत्रण मंडळी" हे शब्द दिसले की ती हीच. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, अधूनमधून विचारत राहा. पंचायतीत आलेला लिफाफा पुष्कळदा न उघडताच कपाटात जातो.

नोटीस मिळाली की तिच्यावरची छापल्याची तारीख आणि सुनावणीची तारीख यांत ३० दिवस आहेत का ते मोजा. कमी असतील तर हाच तुमचा पहिला लेखी मुद्दा. ठिकाणही बघा. सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा तिच्या अगदी जवळ व्हायला हवी. प्रकल्प खेड्यात आणि सुनावणी शहरातल्या हॉलमध्ये, असं चालत नाही. एकदा जाहीर झालेली तारीख आणि जागा सहजासहजी बदलता येत नाही. बदललीच तर त्याच पेपरांत पुन्हा छापावी लागते. "सुनावणी पुढे गेली म्हणे" असा व्हॉट्सॲपवरचा मेसेज खरा मानून घरी बसू नका.

३. अहवाल मिळवा

प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय इथे लोकांना बघायला ठेवावा लागतो. पंचायतीत गेल्यावर "आमच्याकडे आलेला नाही" असं उत्तर मिळालं तर वाद घालू नका. तसं लिहून द्या म्हणा. लिहून देत नसतील तर तुमचंच पत्र द्या, "अमुक तारखेला अहवाल पाहायला आलो, उपलब्ध नव्हता," आणि पोच घ्या. हे एक पान पुढे फार उपयोगी पडतं.

माहिती अधिकार वापरायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, २००५ च्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे इथे कन्नड. मराठी अर्ज परत येऊ शकतो, तेव्हा माहिती अधिकारापुरता हट्ट सोडून हिंदीत लिहा. लिपी तीच आहे, जमतं. दोन, कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. महाराष्ट्रातल्या पाहुण्याने पाठवलेला दोन पानी नमुना इथे चालणार नाही. फी १० रुपये. पोस्टल ऑर्डर सोयीची. आणि उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणजे सुनावणीच्या आधी ते हातात पडेलच असं नाही. अर्ज आजच टाका, पण त्याच्यावर विसंबू नका.

४. अहवाल वाचायचा कसा

पाचशे पानांचा इंग्रजी ग्रंथ बघून माणूस हबकतो. सगळा वाचायची गरज नाही. चार-पाच जागा शोधा.

पाणी कुठून घेणार? नदीतून असेल तर किती, कोणत्या महिन्यांत, आणि पाटबंधारे खात्याची परवानगी जोडली आहे का? कृष्णाकाठी राहणाऱ्याला उन्हाळ्यातली नदी सांगायला नको. कोयना आणि वारणेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाने महाराष्ट्राकडे विनंती करायची, हे कितीतरी उन्हाळ्यांत घडलेलं आहे. अशा नदीतून "वर्षभर पाणी उपलब्ध" असं अहवालात लिहिलं असेल तर बोट तिथेच ठेवा.

मोजमाप कधी घेतलं? हवा, पाणी, माती यांचे नमुने सहसा पावसाळा सोडून एका हंगामाचे, तीन महिन्यांचे घेतात. ते डिसेंबर ते फेब्रुवारीतले असतील तर नदी वाहती असते, विहिरींना पाणी असतं, आकडे बरे येतात. एप्रिल-मेचे आकडे मागा.

टाकाऊ पाण्याचं काय करणार? डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढलं की एका लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो, काळपट, उग्र वासाचा. तो आटवून बॉयलरमध्ये जाळणार, बाहेर थेंब सोडणार नाही, असं लिहिलेलं असतं. ठीक. मग विचारा: बॉयलर बंद पडला तर तो साठवणार कुठे? टाकी किती दिवसांची? तिच्या तळाला अस्तर कसलं? सगळ्यात जवळची विहीर किती अंतरावर? जाळल्यावर उरलेली राख कुणाच्या शेतात जाणार? या प्रश्नांची उत्तरं अहवालात आकड्यांत असायला हवीत. "योग्य ती काळजी घेतली जाईल" हे उत्तर नव्हे.

गावांची यादी बघा. बहुतेक अहवालांत १० किलोमीटर परिघाचा अभ्यास असतो. तुमचं गाव, तुमची वस्ती, ओढा, देवराई, पाझर तलाव त्यात आहे का? हद्दीपलीकडची कोल्हापूर-सांगली जिल्ह्यातली गावं त्याच परिघात असतील, पण नकाशा राज्याच्या हद्दीशी येऊन कोरा झालेला असेल. वास आणि पाणी चेकपोस्टवर थांबत नाही. पलीकडच्या गावातल्या लोकांनाही लेखी म्हणणं पाठवता येतं, त्यांना कळवा.

नक्कल पकडा. सल्लागार कंपन्या जुना अहवाल घेऊन नावं बदलतात, हे देशभर उघडं गुपित आहे. निपाणी भागाच्या अहवालात पिकांच्या यादीत तंबाखू नसेल, किंवा खानापूरच्या जंगलाकडच्या अहवालात गव्याचा पत्ता नसेल, तर लेखकाने गाव पाहिलेलं नाही. अशा चुका पान क्रमांकासह टिपा. त्या हसण्यावारी नेऊ नका, कारण मुद्दाम लपवलेली, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती हे मंजुरी नाकारायचं आणि दिलेली रद्द करायचंही कारण होऊ शकतं, असं अधिसूचनेतच लिहिलेलं आहे. शेवटच्या प्रकरणात सल्लागार संस्थेचं नाव आणि तिच्या मान्यतेचं प्रमाणपत्र असतं. त्याची मुदत बघून घ्या.

५. भाषेचा प्रश्न

इथे जरा थांबतो, कारण आपल्या भागात निम्म्या सुनावण्या याच दगडाला ठेचकाळतात.

हक्क काय आहे? राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. मराठी कर्नाटकात वापरात आहे, याबद्दल कुणाला शंका असेल तर त्याला शनिवारी निपाणीत किंवा खानापुरात फिरवून आणा. म्हणजे मराठीतली हरकत स्वीकारायला नकार देता येत नाही. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या मान्य संरक्षणांत असं आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात. ईआयए अधिसूचना तर सारांश इंग्रजीबरोबर राज्याची राजभाषा किंवा स्थानिक भाषेत असावा म्हणते. "किंवा" आहे, म्हणून मंडळ कन्नडवर थांबतं. पण मागणी करायला आधार आहे.

आणखी एक आधार सांगून ठेवतो. २०२० साली केंद्राने ईआयएच्या नव्या नियमांचा मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत काढला होता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या २२ भाषांत आणायला सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही भाषांतराच्याच मुद्द्यावरून अंतिम अधिसूचना काढायला अंतरिम मनाई केली. लोकांना समजत नसलेल्या भाषेत त्यांचं मत विचारून उपयोग नाही, ही गोष्ट बेंगळूरच्या कोर्टाने ऐकून घेतली आहे, हे पत्रात लिहा.

आता व्यवहार. नोटीस मिळताच पहिल्या आठवड्यात प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला आणि डीसींना पत्र द्या: सारांश मराठीत मिळावा, सुनावणीत मराठी समजणारा दुभाषी असावा, इतिवृत्त मराठीतूनही वाचून दाखवावं. तुमची हरकत मराठीत लिहा, सही तिच्यावर करा, आणि तिला कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. का? कारण फाइल शेवटी बेंगळूरला किंवा दिल्लीला जाते. तिथल्या तज्ज्ञ समितीला मराठी पान कळलं नाही तर ते "हरकती आल्या" या एका ओळीत संपतं. मराठी हा हक्क आहे, भाषांतर ही सोय आहे, दोन्ही ठेवा.

आणि हे थोडं कडू वाटेल, पण सांगतो. सुनावणीचा माइक हातात आल्यावर सीमाप्रश्नावर भाषण करू नका. तो प्रश्न मोठा आहे, खरा आहे, त्याला वेगळी व्यासपीठं आहेत. इथे तो काढला की दोन्ही बाजूंची पोरं घोषणा द्यायला उठतात आणि प्रकल्पवाले शांतपणे पाणी पीत बसतात. शेजारच्या कन्नड गावातल्या शेतकऱ्याची विहीर त्याच ओढ्यावर आहे. त्याच्याशी आधी बोला. एकाच मुद्द्याचं एक पत्र मराठीत आणि एक कन्नडात गेलं तर ते "भाषिक वाद" म्हणून झटकता येत नाही.

६. लेखी हरकत

तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं असं नाही, नोंद होते. पण कशी होते ते लिहिणाऱ्यावर अवलंबून. लेखी पत्र जसंच्या तसं जोडलं जातं. साचा साधा ठेवा:

> प्रति, सदस्य सचिव, कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, बेंगळूर. मार्फत: प्रादेशिक अधिकारी.
> विषय: (प्रकल्पाचं नाव आणि गाव) जनसुनावणी, नोटीस दिनांक ……, माझी हरकत.
> मी ……, राहणार ……, तालुका ……. माझी जमीन सर्व्हे नंबर …… मध्ये, प्रकल्पापासून …… मीटरवर आहे. त्यात विहीर असून …… पीक घेतो.
> १) अहवालाच्या पान …… वर असं म्हटलं आहे की ……. प्रत्यक्षात ……. सोबत फोटो.
> २) …… याचा उल्लेखच नाही.
> मागणी: …… याचा पुन्हा अभ्यास करावा. तोवर मंजुरीची शिफारस करू नये. माझ्या प्रत्येक मुद्द्याला प्रकल्पधारकाचं लेखी उत्तर इतिवृत्तात जोडावं.
> सोबत: ……

शेवटचं वाक्य गाळू नका. आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार करून कारणं द्यायला हवीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या खटल्यात, उत्कर्ष मंडळ प्रकरणात, सांगितलेलं आहे.

दोनशे सह्यांचं एकच निवेदन देण्यापेक्षा वीस जणांची वीस वेगळी पत्रं चांगली. प्रत्येकाने आपलंच लिहावं: बायकांनी पिण्याच्या पाण्याचं, गवळ्याने जनावरांचं, शाळेजवळ राहणाऱ्याने वासाचं आणि ट्रकांचं. झेरॉक्सवर फक्त नाव बदललेली पत्रं समिती एकच मुद्दा म्हणून मोजते.

सोबत जोडायचं आणि जवळ ठेवायचं ते असं:

- जमिनीचा उतारा आणि सर्व्हे नकाशा
- ओळखपत्राची झेरॉक्स (मूळ कुणालाही देऊ नका)
- विहीर, बोअर, ओढा यांचे तारखेसह फोटो, मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून काढलेले
- पाणी तपासणीचा अहवाल असेल तर तो. आधीच चालू असलेल्या कारखान्याचा विस्तार असेल तर हा कागद सोन्याचा
- आधी केलेल्या तक्रारींच्या पोच
- अहवालातल्या ज्या पानांवर बोलायचं त्यांच्या प्रती

पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. बेंगळूरचं मुख्य कार्यालय चर्च स्ट्रीटवर, परिसर भवनात आहे.

७. सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी डीसी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि तो अप्पर जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. शेजारी मंडळाचा अधिकारी. कोरमची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली. व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे. आधी प्रकल्पवाले सादरीकरण करतात, मग लोक. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी मिळायला हवी.

लवकर जा. पुढच्या खुर्च्या बसमधून आणलेल्या "समर्थकां"नी भरलेल्या असतात, जेवणाचीही सोय असते. त्यात गावातल्याच कुणाचा तरी पोरगा असतो, ज्याला नोकरीचं आश्वासन मिळालंय. त्याच्यावर डाफरू नका. त्याऐवजी विचारा: कायम नोकऱ्या किती, त्यात आसपासच्या गावांतल्या किती, आणि हे अहवालाच्या कोणत्या पानावर लिहिलंय?

हजेरीच्या वहीत सही करताना वरचा मजकूर वाचा. वर काहीच लिहिलेलं नसेल तर सहीशेजारी "फक्त हजेरी" असं लिहून तारीख टाका.

बोलताना नाव, गाव, अंतर, मग दोन मुद्दे आणि एक मागणी. तीन मिनिटं पुरतात. बायका मागे बसतात आणि माइक पुढेच फिरतो, म्हणून दोघी-तिघींची नावं आधीच चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्या. "ताई, तुम्ही घागर घेऊन किती लांब जाता ते सांगा," असं ठरवून ठेवलं की त्या असं काही बोलतात की सल्लागार कागद चाळायला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. "सुनावणी उधळून लावू" ही कल्पना ऐकायला जोरदार वाटते. पण अधिसूचनेत लिहिलंय की स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणी मत मांडता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही असा अहवाल गेला, तर वरचं प्राधिकरण सुनावणीशिवायच पुढे जायचं ठरवू शकतं. म्हणजे खुर्च्या फेकल्या की आपला एकमेव माइक आपणच बंद केला. बहिष्कार घालायचाच असेल तर आत जाऊन, कारणं माइकवर नोंदवून, लेखी पत्र अध्यक्षांच्या हातात देऊन मग बाहेर पडा.

आणि उलटा गैरसमज: सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हात वर करून नव्वद टक्के विरोधात गेले तरी प्रकल्प नाकारला जाईल असं कुठेच लिहिलेलं नाही. तिथे वजन मुद्द्याचं असतं.

८. इतिवृत्त ऐकल्याशिवाय उठू नका

तीन तास झाले, ऊन चढलं, लोक पांगू लागतात. नेमकं तेव्हाच खरं काम असतं. सुनावणी संपताना नोंदी तिथेच स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायच्या असतात आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी सही करायची असते. चार-पाच जणांनी शेवटपर्यंत थांबा. तुमचा मुद्दा गाळला असेल तर लगेच उभं राहून "माझी नोंद घ्या" म्हणा. कॅमेरा चालूच असतो. नंतर हे इतिवृत्त पंचायतीत, जिल्हा पंचायतीत, डीसी ऑफिसात आणि मंडळाच्या वेबसाइटवर लावावं लागतं. छापून घ्या, तुमच्या टिपणांशी ताडून बघा, फरक असेल तर लेखी कळवा.

९. जिथे सुनावणीच नसते

सगळे निर्णय या वाटेने येत नाहीत. खानापूर तालुक्यातली तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मार्च २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे. सहावा ३१ जुलै २०२४ ला आला. त्यात सुनावणी नाही, दिल्लीला लेखी हरकत किंवा सूचना पाठवायला ६० दिवस असतात. यादीत आपलं गाव आहे का ते गावाच्या नावाने शोधा. आणि विरोध किंवा पाठिंबा देण्याआधी बंदी कशावर आहे ते वाचा. खाणीवर आणि प्रदूषण करणाऱ्या मोठ्या उद्योगांवर आहे, नांगरावर नाही.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आतल्या आणि कडेच्या वाड्यांसाठी २००६ चा वनहक्क कायदा हे साधन आहे. तिथे निर्णयाची जागा ग्रामसभा. वनहक्काच्या ठरावांना निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. पुनर्वसनाच्या कागदावर एकट्याने, घरी आलेल्या माणसासमोर सही करू नका. आधी वैयक्तिक आणि सामूहिक हक्कांचे दावे दाखल करून पोच घ्या.

कणकुंबीकडचा कळसा-भांडुरा हा पाणी वळवण्याचा प्रकल्प तिसरा. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायला ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मान्य केलं. पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प म्हटला की ईआयएची सुनावणी टळते, पण वनजमीन वळवायची परवानगी लागतेच. त्या फाइलीही "परिवेश"वर असतात. नजर तिथे ठेवायची.

१०. मंजुरी मिळाल्यावर

मंजुरी मिळाली की प्रकल्पवाल्यांनी ७ दिवसांत दोन स्थानिक पेपरांत तसं जाहीर करायचं असतं. त्या तारखेचं कात्रण जपून ठेवा, कारण राष्ट्रीय हरित लवादात अपिलाला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दिलं तर आणखी ६० पर्यंत, त्यापुढे एक दिवसही नाही.

लवाद म्हटलं की आपले लोक पुण्याची गाडी धरतात. बेळगावहून पुणे जवळ, भाषा आपली, ओळखीही असतात. पण पुण्याचं खंडपीठ महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी आहे. कर्नाटकातली प्रकरणं चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे जातात. ऑनलाइन दाखल करता येतं आणि व्हिडिओवरून सुनावणीही होते, म्हणून चेन्नईचं नाव ऐकून घाबरू नका. भरपाई मागत नसाल तर फी १,००० रुपये. कामकाज इंग्रजीत चालतं, तेव्हा मराठी कागदांची भाषांतरं आधीच करून ठेवलेली असली की महिना वाचतो.

लवादात जायचं नसेल तरी एक काम राहतंच. मंजुरीपत्रात अटींची मोठी यादी असते. ती गावात मराठीत करून पंचायतीच्या फलकाशेजारी लावा. त्या अटी पाळल्या का याचा अहवाल प्रकल्पवाल्यांना वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो लोकांना बघायला खुला असतो. दोन्ही तारखांनंतर एक माणूस मंडळाच्या कार्यालयात जाईल असं ठरवून घ्या. जाताना विहिरीच्या पाण्याची बाटली आणि मागच्या अहवालाची प्रत बरोबर न्या.